सहावीच्या प्रवेशासाठी नवोदय विद्यालयाचा पेपर पहिल्यांदाच? एवढं सांभाळा

ताई, लेकराचा अभ्यास झाला तेवढा झाला, आता व्यवस्थेचं बघा. सकाळच्या एसटीवर विसंबू नका, गाडीचं आदल्या दिवशीच ठरवा. पेपर साडेअकरा ते दीड. तरी तासभर आधी पोचा, बैठक क्रमांकाच्या यादीपुढे ही झुंबड असते!

- प्रवेशपत्राची जादा प्रत आणि दोन बॉलपेनं, निळी नाहीतर काळी. पेन्सिल चालत नाही.
- ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, गोल एकदा रंगवला की बदलता येत नाही. पोरं इथेच घसरतात, एक प्रश्न सोडला की पुढचे सगळे गोल एकेक घर सरकतात. घरी कोऱ्या नमुन्यांवर पेनानेच सराव घ्या.
- चुकीला गुण कापत नाहीत, 80 पैकी एकही प्रश्न रिकामा नको.

फाटकाशी उभं राहून पाढे म्हणवून घेऊ नका, कृपा करा. बाहेर आल्यावरही आधी जेवू घाला. उत्तरं पडताळायला रात्र आहे.