मल्याळी चर्चमध्ये पहिल्यांदा जाताना

केरळातल्या मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चच्या कुर्बानाला, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेला जातोयस ना, मग घड्याळाकडे बघू नकोस. सकाळची प्रार्थना धरून दोन-अडीच तास सहज जातात, बहुतेक वेळ उभ्यानेच. चपला बाहेर काढायच्या. पुरुष एका बाजूला, डोकं झाकलेल्या बायका दुसऱ्या. मल्याळम कळत नाही म्हणून मोबाइलवर अर्थ शोधत बसू नकोस. ‘कुरियेलायिसोन’ हे पुन्हा पुन्हा कानावर पडेल, म्हणजे ‘प्रभू दया कर’. तेवढं त्यांच्या सुरात म्हण.

मग शांती देण्याची वेळ येते. वेदीपासून निघालेली शांती हातोहात मागे पोचते. शेजारचा तुझे जोडलेले हात आपल्या तळव्यांत धरेल, तूही तसंच पुढच्याला दे. देव जवळ आहे हे मला तिथे जितकं जाणवतं, तितकं धूप-घंटांत नाही. वेदीपुढचा पडदा सरतो, मरबहासा (दांड्यावरच्या घुंगरू लावलेल्या धातूच्या चकत्या) खुळखुळतात, सुंदरच दिसतं ते. पण डोळे दिपले म्हणजे देव भेटला असं नव्हे; काहीच वाटलं नाही तरी भक्ती कमी पडली असं समजू नकोस.

प्रभुभोजन त्यांच्याच सभासदांना मिळतं. रुसू नकोस, जागेवर थांब.

‘आपलं ते बरं’ असं वाटलंच, तर आठव: १८९५ साली ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक भजन-कीर्तन चर्चच्या उपासनेत रुजावं म्हणून झटले. तेही कुणाला तरी नवखंच होतं. (आपली पेटीसुद्धा मूळची युरोपातली, बरं का!)

संपल्यावर लगेच सटकू नकोस. कुणीतरी चहा विचारेलच.