शमन, म्हणजे देव-आत्म्यांशी संपर्क साधून लोकांचे आजार-अडचणी सोडवणारे, हे मुळात मनोरुग्णच असतात का? आणि माणूस शमन होतो तरी कसा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ सांगते, नाही. "शमन म्हणजे मनोरुग्णच" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता राहवत नाही म्हणून लिहितेय.

एमएला असताना माझं सेमिनार होतं कोरियातल्या मुडांगवर, म्हणजे तिकडच्या शमन, बहुतेक बायकाच. दीक्षेआधी त्यांना जे आजारपण येतं, शिनब्योंग, त्यावर मी बोलत होते, अन्न जात नाही, झोप नाही, आवाज ऐकू येतात, तेवढ्यात आमचे एक सर मधेच म्हणाले "हा स्किझोफ्रेनिया आहे, बाकी सगळी सजावट, पुढे चला." वर्ग हसला. मी पुढे गेले नाही. म्हटलं सर, आजार बघितलात, पण त्याच्यानंतरचं कोण बघणार? दीक्षा झाली की ती बाई आपल्या गुरुआईकडे वर्षानुवर्षं शिकते, गाणी, नाच, कुठल्या देवाला कुठला पोशाख. आणि व्हिडिओ लावला. मुडांग अनवाणी, कडबा कापायच्या धारदार पात्यांवर उभी, अंगात देव आलेला, आणि त्याच वेळी ढोलवाला जरा रेंगाळला तर नुसत्या नजरेने त्याला लयीवर आणतेय, समोरच्या म्हातारीला मेलेल्या नवऱ्याच्या आवाजात रडवतेय आणि मिनिटभरात चेष्टा करून हसवतेय. मग खाली उतरली, पोशाख बदलला, पुढचा देव. आजारी माणसाचे आवाज त्याला सोडत नाहीत, हिला ते बोलावताही येतात आणि परत पाठवताही येतात. सर म्हणाले भावनिक होऊ नका.

सरांची सगळी भिस्त मानसशास्त्रज्ञ सिल्व्हरमनच्या 1967 च्या पेपरवर. त्याचं म्हणणं, शमन आणि स्किझोफ्रेनियाचा रुग्ण, अनुभव दोघांचा सारखाच, फरक एवढाच की शमनाला समाज सामावून घेतो. 1983 ला रिचर्ड नोल या मानसशास्त्रज्ञाने नेमका हाच मुद्दा, की शमनाचा आपल्या अनुभवावर ताबा असतो, मांडून ते खोडलं, तरी वर्गात जुनंच शिकवतात.

शमन कसा होतो ते जागेनुसार बदलतं. सैबेरियात बरेचदा घराण्यात चालत येतं, ॲमेझॉनकडे पथ्य पाळून लांबलचक शागिर्दी असते.

आता हेही सांगायला हवं की हातचलाखी असते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाक्युटल लोकांतला क्वेसालिड, ज्याची हकीकत मानववंशशास्त्रज्ञ बोआसने छापली, तो तर ढोंग उघडं पाडायलाच विद्या शिकायला गेला. तोंडात पिसांचा गोळा लपवायचा, रक्ताने माखून बाहेर काढायचा, हाच तुझा रोग म्हणायचा. पेशंट बरे व्हायला लागले आणि त्याचं नाव झालं! यातला किती विश्वास आणि किती खेळ हे एका शब्दात मिटवणाऱ्यांचं मला पटत नाही. आणि हो, घरात कुणाला आवाज ऐकू येत असतील तर त्याला डॉक्टरकडेच न्या, माझं उत्तर त्याच्यासाठी नाही.

या विषयात शिकत असाल तर नोल आधी वाचा, मग सिल्व्हरमन. आम्हाला एकटा सिल्व्हरमन वाचायला लावला होता, आणि माझे मार्कही त्याच हिशोबाने कापले गेले.