जुन्या जावा कोडमध्ये गिळलेली एक्सेप्शन्स (प्रोग्रामने कळवलेल्या, पण कोडने दाबून टाकलेल्या चुका) शोधायला स्टॅटिक अ‍ॅनालिसिस (कोड न चालवता टूलने तपासणं) पुरेसं आहे, की सगळं हाताने वाचावं लागेल?

शोधायला पुरेसं आहे. दुरुस्तीला नाही.

मी दापोलीत बसून हर्णै बंदरातल्या मासळी लिलावाच्या नोंदींचं अ‍ॅप सांभाळतो. कोड आधीच्या टीमचा. बंदरावर रेंज येते-जाते. नोंद पाठवताना कनेक्शन तुटलं की एक्सेप्शन यायचं, ते हाताळायचा कॅच ब्लॉक रिकामा, आणि स्क्रीनवर 'नोंद झाली'! संध्याकाळी हिशेबात पापलेटची टोपली गायब आणि व्यापारी-नाखवांची जुंपलेली.

असे ब्लॉक पीएमडी हे स्टॅटिक अ‍ॅनालिसिसचं टूल चटकन काढून देतं, कारण ते प्रोग्राम चालवत नाही, कोडची नुसती रचना बघतं. फायनलीमधला (चूक होवो न होवो, शेवटी चालणाऱ्या ब्लॉकमधला) रिटर्नही त्यात सापडतो. तो रिकाम्या कॅचपेक्षा वाईट, कारण वर फेकलेलं एक्सेप्शन तिथे मुकाट नाहीसं होतं आणि वाचणाऱ्याला संशयही येत नाही. सरसकट 'एक्सेप्शन' पकडणं म्हणजे बारीक आसाचं जाळं: थ्रेड (प्रोग्राममधलं समांतर चालणारं एक काम) थांबवायला आलेलं इंटरप्टेड एक्सेप्शनसुद्धा त्यात अडकतं, आणि थ्रेड चालूच राहतो.

हे किरकोळ वाटत असेल तर २०१४ चा टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास बघा. कॅसांड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या डेटा साठवणाऱ्या-हाताळणाऱ्या प्रणालींमधले १९८ बिघाड त्यांनी तपासले. त्यातल्या सर्वात गंभीर बिघाडांपैकी ९२ टक्के, प्रोग्रामने स्वतःच कळवलेली चूक नीट न हाताळल्यामुळे झाले होते. त्यांनी लिहिलेला तपासनीस प्रोग्राम रिकाम्या हँडलरबरोबरच (हँडलर म्हणजे चूक हाताळणारा कोड) 'हे नंतर करू' अशी टीप टाकून सोडलेले हँडलरही धरायचा. (तसले आमच्याकडेही निघाले.)

मर्यादा मात्र आहेत. लॉगमध्ये नोंद करून नल (रिकामी किंमत) परत करणारा कॅच रिकामा नसतो, म्हणून रिकाम्या ब्लॉकच्या नियमातून सुटतो. शिवाय व्हेरिएबलचं नाव 'इग्नोअर्ड' ठेवलं की पीएमडीचा तो नियम मूळ सेटिंगमध्ये गप्प बसतो. टीमला हे न सांगितलेलं बरं.

सगळे नियम एकदम लावू नका. इशाऱ्यांचा ढीग बघून लोक टूलच बंद करतात. वरचे तीनच घ्या (रिकामा कॅच, फायनलीमधला रिटर्न, सरसकट 'एक्सेप्शन') आणि नव्या कोडपुरतं बिल्ड, म्हणजे कोडपासून अ‍ॅप बनणं, अडवा. जुन्या कोडमध्ये पैसे आणि वजन जिथे लिहिलं जातं, तिथून वाचायला बसा. प्रत्येक कॅचपाशी एकच बघायचं: हे फसलं तर कोणाला कळायला हवं? आमच्याकडे ते लिलावाची नोंद करणाऱ्याला, तिथल्या तिथे. आता न गेलेली नोंद फोनमध्येच राहते, लाल दिसते आणि रेंज आली की पुन्हा जाते. हे कुठल्याही टूलने सुचवलं नसतं.