बाळाचा बाप्तिस्मा आत्ता, की तो मोठा झाल्यावर?

प्रश्न: ताई, माझं माहेर अकोल्याकडचं, अलायन्स या प्रॉटेस्टंट मंडळीतलं. सतराव्या वर्षी साक्ष देऊन, पाण्यात बुडून मी बाप्तिस्मा घेतला. सासर वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात, मंडळी सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. मुलगा चार महिन्यांचा आहे. नाताळात त्याचा बाप्तिस्मा करायचाच, असा सासूबाईंचा हट्ट. मी म्हणते, विश्वास त्याचा त्याने निवडावा. त्या म्हणतात, "लेकराले काही झालं त मंग?" त्यांची पहिली मुलगी बाप्तिस्म्याआधीच वारली होती. नवरा म्हणतो, तुम्ही दोघी ठरवा. काय करू?

उत्तर: पोरी, त्या पहिल्या मुलीचा उल्लेख तू एका वाक्यात उरकलास. मला वाटतं, गाठ तिथेच आहे. सासूबाई तुझ्याशी वचनांवरून भांडतच नाहीत. आपल्या लेकीचं पुढे काय झालं असेल, ही धास्ती त्या इतकी वर्षं मनात धरून बसल्या आहेत, आणि त्यावर त्यांच्याशी कुणी धड बोललेलं दिसत नाही. तेव्हा वाद बाजूला ठेव आणि आधी तिच्याविषयी विचार. तिचं नाव काय ठेवलं होतं, कशाने गेली, मातीच्या वेळी कोण होतं. बोलू दे त्यांना. मग मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय दोघी मिळून वाचा. येशूने बालकांना कवेत घेतलं, हात ठेवून आशीर्वाद दिला. आधी यांचा बाप्तिस्मा झालाय का, असं विचारलं नाही. या बाबतीत फार कडक समजल्या जाणाऱ्या रोमन कॅथलिकांच्या ईशज्ञान आयोगानेही २००७ मध्ये लिहिलं, की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे. हे त्यांना जरूर सांग.

आता तुझ्याविषयी. तुझा आग्रह मला मनापासून पटतो. पण सासूबाईंचा विश्वास उसना समजू नकोस. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेली माणसं जाणत्या वयात दृढीकरणाच्या विधीच्या वेळी मंडळीसमोर उभी राहून आपल्या तोंडाने कबुली देतात. आणि तुझ्या सतराव्या वर्षामागे माहेरची रोजची प्रार्थना होतीच ना? फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला, पण त्या घरात तान्हं मूल होतं की नाही, हे बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेलं नाही. दोन्ही बाजू तेच वचन पुढे करतात. आपल्याकडेच पाहा. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आपल्या लहानग्या लेकीचा, मनोरमेचाही केला. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये घेतला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई स्वतःची खात्री पटेपर्यंत काही वर्षं थांबल्या. या दोघींपैकी एकीलाही मी चूक म्हणणार नाही.

तुझ्या सासरच्या मंडळीतही दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय उभी राहिली. त्यांत बालकांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, तसे न देणारे बाप्टिस्टही होते. म्हणून दोन्ही पद्धती तिथे मान्य केल्या गेल्या. तेव्हा पाळकसाहेबांना भेटून सांग, की नाताळात बाळासाठी उपकारस्तुती आणि समर्पणाची प्रार्थना हवी. बाप्तिस्म्याचं तो मोठा झाल्यावर पाहू. प्रार्थनेच्या वेळी बाळ सासूबाईंच्याच हातात दे.

एक मात्र करू नकोस. "आत्ता त्यांच्या समाधानासाठी होऊ दे, मोठेपणी तो पुन्हा घेईल," असं मनात धरून होकार देऊ नकोस. बालबाप्तिस्मा मानणाऱ्या मंडळ्या दुसऱ्यांदा बाप्तिस्मा देत नाहीत, आणि उद्या त्याने मागितलाच तर तो पेच पोराच्या माथी येईल. बोलणं झाल्यावर तुझंच मन बदललं आणि बाप्तिस्मा करावासा वाटला, तर तो खुशाल कर. पण मग आई-बाप म्हणून जे वचन मंडळीपुढे द्याल, ते पुरतं तुमचं असू दे.

आणि नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. मूल त्याचंही आहे. जी गेली ती त्याची बहीण होती. आईशी पहिलं बोलणं त्यानेच करायला हवं, आणि पाळकसाहेबांकडे जाताना त्यानेही सोबत यावं.