ग्रंथालयांतील नवे उपक्रम: खरोखर उपयोगी कोणते आणि सुरुवात कोठून करावी?

आपण विचारले आहे की, सार्वजनिक आणि विद्यापीठीय ग्रंथालयांत अलीकडच्या काळात सुरू झालेल्या नव्या सेवांपैकी खरोखर उपयोगी कोणत्या, आणि निधी व मनुष्यबळ दोन्ही मर्यादित असताना पहिले पाऊल कोणते टाकावे. मी दोन्ही प्रकारच्या ग्रंथालयांत काम केले आहे आणि या विषयावर माझे मत ठाम आहे, म्हणून ते आधीच सांगतो: जो उपक्रम वाचकाच्या वाटेतील एखादी नेमकी अडचण दूर करतो, तो टिकतो. जो उपक्रम केवळ ग्रंथालय आधुनिक दिसावे म्हणून येतो, त्याची यंत्रसामग्री काही वर्षांत अडगळीत जाते.

या कसोटीवर मला गेल्या काही वर्षांतील सर्वांत मोलाचा बदल कोणता वाटतो, असे कोणी विचारले तर मी विलंब शुल्क, म्हणजे पुस्तक उशिरा परत केल्याचा दंड, रद्द करण्याचे नाव घेईन. त्यासाठी एकही यंत्र विकत घ्यावे लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच नवोपक्रमांच्या चर्चेत त्याचा उल्लेख कमी होतो. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने जानेवारी 2019 मध्ये ठराव करून असा दंड हा सामाजिक विषमतेचा एक प्रकार असल्याचे म्हटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिकागो सार्वजनिक ग्रंथालयाने उशिराचा दंड बंद केला आणि जुनी थकबाकीही माफ केली. न्यूयॉर्क शहरातील तिन्ही सार्वजनिक ग्रंथालय यंत्रणांनी 2021 मध्ये तोच निर्णय घेतला. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत तो दंड भरून मोकळा होतो. ज्याच्याकडे नाहीत तो पुस्तकही परत करत नाही आणि स्वतःही परत येत नाही, आणि दंडाची रक्कम वाढत गेली की त्याचे सभासदत्व गोठवले जाते. म्हणजे ज्याला फुकट पुस्तकांची सर्वांत जास्त गरज आहे तोच दाराबाहेर राहतो, आणि त्यात लहान मुले मोठ्या संख्येने असतात. दंड नसेल तर पुस्तके परतच येणार नाहीत, ही भीती स्वाभाविक आहे, परंतु पुस्तक हरवल्यास त्याची किंमत घेण्याचा नियम या ग्रंथालयांनी कायम ठेवला आहे आणि ठरावीक मुदतीनंतर न आलेले पुस्तक हरवलेले धरले जाते. शिकागोत तर निर्णयानंतर वर्षानुवर्षे घरात पडून राहिलेली पुस्तके घेऊन लोक मोठ्या संख्येने परत आले. देवघेव विभागात काम केलेल्या कोणालाही हे पटेल की, दंडाच्या दोन-चार नाण्यांवरून होणारे वाद वाचकाचा जितका अपमान करतात तितके उत्पन्न ग्रंथालयाला कधीच देत नाहीत.

दुसरी अडचण वेळेची. दिवसभर काम करणाऱ्या माणसाला ग्रंथालय उघडे सापडत नाही. डेन्मार्कमधील ग्रंथालयांनी यावर काढलेला मार्ग असा की, कर्मचारी नसलेल्या वेळेतही सभासदाला स्वतःचे ओळखपत्र आणि सांकेतिक क्रमांक वापरून आत येता येते, पुस्तके स्वतःच नोंदवून नेता येतात, आणि सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा वाचत बसता येते. ही पद्धत आता इतर अनेक देशांत पोहोचली आहे. मात्र तिचा उपयोग वेळ वाढवण्यासाठी व्हावा, कर्मचारी कमी करण्यासाठी होऊ नये. काही ठिकाणी हा मोह झाला आहे, आणि तसे झाले की ग्रंथालयाचे रूपांतर पुस्तकांच्या गोदामात होते.

आता त्या उपक्रमाकडे येतो ज्याची छायाचित्रे सर्वत्र दिसतात: निर्मितीकक्ष, म्हणजे त्रिमितीय छपाईयंत्रे, शिवणयंत्रे, ध्वनिमुद्रणाची साधने असलेली दालने. न्यूयॉर्क राज्यातील फेएटव्हिल या छोट्या गावाच्या ग्रंथालयाने 2011 मध्ये असा कक्ष उभारला, आणि अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांतील हा पहिला निर्मितीकक्ष मानला जातो. फिनलंडमधील हेलसिंकीत 5 डिसेंबर 2018 रोजी खुल्या झालेल्या ऊदी या मध्यवर्ती ग्रंथालयात तर एक संपूर्ण मजला अशा कामांसाठी आहे, आणि पुस्तके त्याच्या वरच्या मजल्यावर आहेत. मी या कल्पनेच्या विरोधात नाही. परंतु ऊदी उभारण्यापूर्वी नागरिकांकडून त्यांना काय हवे आहे हे दीर्घकाळ आणि पद्धतशीरपणे विचारले गेले होते, हा भाग अनुकरण करणारे विसरतात. शिकागोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात 2009 मध्ये सुरू झालेला किशोरवयीन मुलांसाठीचा 'यूमीडिया' कक्ष मला याहून अधिक शिकवणारा वाटतो, कारण तिथे संगणक आणि कॅमेऱ्यांइतकेच महत्त्व मार्गदर्शकांना दिले गेले. मुले आधी नुसती येऊन बसतात, मग हाताळून पाहतात, आणि त्यांतील काही गंभीरपणे शिकू लागतात. या प्रवासात सोबत करणारा माणूस नसेल तर साधने मुकी राहतात. त्यामुळे यंत्राची किंमत विचारताना ते चालवायला शिकवणाऱ्या माणसाचे वेतन पुढच्या पाच वर्षांसाठी आहे काय, हेही विचारावे.

माणसांशी थेट संबंधित असलेल्या दोन सेवांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. सॅन फ्रान्सिस्को सार्वजनिक ग्रंथालयाने 2009 पासून पूर्णवेळ समाजसेवक नेमला, कारण बेघर लोक दिवसभर तेथे आश्रय घेत होते आणि त्यांना निवारा व औषधोपचारापर्यंत कसे पोहोचवावे याचे प्रशिक्षण ग्रंथपालांना नव्हते. पुढे पूर्वी बेघर असलेल्या काही व्यक्तींनाच या कामात सामावून घेण्यात आले. दुसरी सेवा 'मानवी ग्रंथालय'. तिची सुरुवात 2000 साली डेन्मार्कमधील रोस्किल्ड महोत्सवात झाली. ज्यांच्याविषयी समाजात पूर्वग्रह आहेत अशी माणसे 'पुस्तक' म्हणून उपलब्ध असतात, आणि वाचक थोडा वेळ समोर बसून त्यांना एरवी विचारता न येणारे प्रश्न विचारतो. याला खर्च जवळपास नाही, परंतु पूर्वतयारी आणि 'पुस्तक' झालेल्या व्यक्तीचा सन्मान जपण्याची काळजी फार घ्यावी लागते.

विद्यापीठीय ग्रंथालयांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथल्या वाचकाला माहिती कमी पडत नाही, अति होते. येथे सर्वांत उपयोगी सेवा बहुधा डोळ्यांना दिसतच नाहीत. अमेरिकेतील एमआयटी हे विद्यापीठ आणि ह्यूलेट-पॅकार्ड ही संगणक कंपनी यांनी 2002 मध्ये डीस्पेस ही मुक्त संगणक प्रणाली उपलब्ध केली आणि कोणत्याही विद्यापीठाला आपले प्रबंध व शोधनिबंध स्वतःच्या संग्रहात जतन करून जगाला मोफत खुले करणे शक्य झाले. त्यापुढचा टप्पा संशोधनातील मूळ विदेचा, म्हणजे डेटाचा, आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जानेवारी 2023 पासून निधी मागणाऱ्या संशोधकांना विदा कशी जपणार आणि इतरांना कशी देणार याचा आराखडा सक्तीचा केला. हा आराखडा लिहिण्यास मदत करणे, फायलींना पुढे कोणालाही उमजतील अशी नावे देण्यास शिकवणे, कोणती विदा गोपनीय ठेवावी हे सांगणे, ही कामे आता ग्रंथपाल करतात. वैद्यकीय क्षेत्रात पूर्वसंशोधनाचा पद्धतशीर आढावा घेताना शोधाची व्यूहरचना, म्हणजे कोठे आणि कोणत्या शब्दांनी शोधायचे हे, ग्रंथपाल तयार करतो, आणि अनेक ठिकाणी त्याचे नाव सहलेखक म्हणून छापले जाते. मला या बदलाचा मनापासून आनंद आहे, कारण ग्रंथपाल संशोधनात शेवटी आभारापुरता न उरता पहिल्या दिवसापासून सहभागी होतो.

याच संदर्भात एक गरज नव्याने उभी राहिली आहे. विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून संदर्भसूची बनवून आणतात आणि त्यांतील काही लेख अस्तित्वातच नसतात. नियतकालिक खरे, लेखकाचे नाव खरे वाटणारे, पण लेख मात्र कोणी कधी लिहिलेलाच नाही. संदर्भ विभागात असा कागद आला की केवळ 'सापडत नाही' असे म्हणून थांबू नये. तो संदर्भ कसा तपासला, कोठे शोधला, संशय कशामुळे आला, हे विद्यार्थ्यासमोर करून दाखवावे. अशी अर्ध्या तासाची प्रात्यक्षिके अभ्यासक्रमाच्या एखाद्या प्रत्यक्ष निबंधाशी जोडून घेतली, तर ती वर्षाच्या आरंभी होणाऱ्या ग्रंथालय-परिचयापेक्षा कितीतरी अधिक परिणामकारक ठरतात.

अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकांची सेवा कोणत्याही यादीत शेवटी येते, ती पहिल्या पाचांत असावी असे मला वाटते. 2013 चा माराकेश करार 2016 मध्ये अमलात आल्यापासून अधिकृत संस्थांना अशा वाचकांसाठी पुस्तकांच्या सुगम (ब्रेल, ध्वनिमुद्रित अशा) प्रती तयार करणे आणि सदस्य देशांमध्ये त्यांची देवाणघेवाण करणे कायद्याने सोपे झाले आहे, आणि या कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. अडचण आता कायद्याची कमी आणि माहितीची जास्त आहे.

राहिला सुरुवातीचा प्रश्न. ग्रंथालयाच्या समितीने आधी ग्रंथालयात न येणाऱ्यांशी बोलावे, कारण येणारे वाचक बहुधा समाधानी असतात आणि त्यांच्या प्रतिसादावरून उणीव कळत नाही. मग दंड, सभासदत्वासाठी लागणारी कागदपत्रे, अनामत रक्कम आणि वेळापत्रक हे चार नियम तपासून त्यांपैकी कोणते शिथिल करता येतील ते ठरवावे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका विभागातील एका शिक्षकासोबत संदर्भ-पडताळणीचे प्रात्यक्षिक एका सत्रासाठी करून पाहावे. यश मोजताना किती लोक आले एवढेच न नोंदवता, किती जण प्रथमच आले आणि त्यांतील किती पुन्हा आले हे नोंदवावे. या सर्वांनंतर निधी उरला आणि लोकांनी स्वतःहून मागितले, तर निर्मितीकक्षाचा विचार अवश्य करावा.