तारीख पुढच्या वर्षाची, मग सात दिवसांतच का टाकायचं?

प्रश्न : ताई, माझ्या चार वर्षांच्या नातवाला घशासाठी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिडचं सिरप दिलं होतं. घरी पाणी घालून हलवायची पावडर होती. पाच दिवसांत बरं वाटलं. अर्धी बाटली फ्रिजच्या दारात तशीच राहिली. आता तीन आठवड्यांनी घसा पुन्हा धरलाय. बाटलीवर एक्सपायरी पुढच्या वर्षाची आहे. सून म्हणते टाका, मला एवढं महागाचं औषध टाकवत नाही. बरोबर कोणाचं?
– एक आजी, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : आजी, सूनबाईंचं बरोबर आहे. बाटली आजच टाका आणि घसा डॉक्टरांना दाखवा. तीन आठवड्यांनी धरलेला घसा त्याच आजाराचा असेल असं नाही. पण नुसतं ‘टाका’ म्हणून मला थांबवत नाही. छापलेली तारीख खरी आहे आणि औषध तरीही गेलेलं आहे. हे कसं, ते एकदा समजलं की पुढच्या वेळी तुम्हीच सुनेला सांगाल.

ती तारीख कोरड्या पावडरीची आहे. अमॉक्सिसिलिनच्या रेणूत चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं. औषधाचं बळ त्या कड्यात. पाण्याचा रेणू ते कडं फोडतो. पावडर कोरडी असते म्हणून टिकते. तुम्ही उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घातलंत, त्या घटकेपासून दुसरं घड्याळ सुरू झालं आणि ते फ्रिजमध्येसुद्धा सातच दिवसांचं आहे. क्लॅव्युलॅनिक ॲसिड तर अमॉक्सिसिलिनपेक्षाही नाजूक. काही जंतू अमॉक्सिसिलिन मोडणारं एन्झाइम सोडतात, त्या एन्झाइमला अडवायला हे घातलेलं असतं. म्हणजे राखणदारच आधी जातो. चव मात्र गोडच लागते, म्हणून पोराच्या तोंडावरून काही कळत नाही.

हे घड्याळ किती भरभर चालेल, ते उष्णतेवर. तुम्ही रामटेकला अंबाळ्याकडून पायऱ्या चढून गडावर गेला असाल आणि पलीकडे गावात उतरला असाल. रेणूला मोडायचं तर असाच एक गड आधी चढावा लागतो. ज्याच्या अंगात तेवढी ताकद असेल तो पलीकडे उतरतो, बाकीचे पायथ्याशीच घुटमळतात. 25 अंशांवरून पारा 35 वर गेला तर रेणूंचा सरासरी वेग दोन टक्केही वाढत नाही. पण गड चढण्याइतकी ताकद असणारे जे मूठभर असतात, त्यांची संख्या दुप्पट-तिप्पट होते. मोडण्याचा वेगही तेवढाच वाढतो. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी 1889 मध्ये हा हिशेब सूत्रात बसवला. फार्मसीच्या पोरांना आलेखाच्या कागदावर या सूत्राची तिरकी रेघ काढायला लावताना मला दरवर्षी तेवढाच आनंद व्हायचा. त्याच रेघेच्या आधाराने औषध 40 अंश आणि 75 टक्के दमटपणात सहा महिने ठेवून, ते साध्या हवेत किती टिकेल याचा अंदाज बांधतात. सोबत खरीखुरी लांब मुदतीची चाचणीही चालूच असते.

आता आपल्या घरचा हिशेब. समजा फ्रिजमध्ये 5 अंशांवर एखाद्या औषधाचा दहावा हिस्सा जायला दहा दिवस लागतात. तेच ओट्यावर 35 अंशांत राहिलं, तर तीस अंशांचा फरक पडला. दर दहा अंशांना दुप्पट धरलं तर आठपट वेग, म्हणजे सव्वा दिवस. तिप्पट धरलं तर सत्तावीसपट, म्हणजे जेमतेम नऊ तास. आणि हे 35 अंशांचं झालं. आपल्याकडे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, स्वयंपाकघराचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून असलं सिरप उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलं तर दुसरं आणा. फ्रिजचं दारही चांगली जागा नाही, ते दिवसातून पन्नासदा उघडतं. मधल्या कप्प्यात ठेवा आणि दर वेळी हलवून द्या.

नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यातलं सांगते. ज्या दवाखान्यात मी होते, तिथली औषधांची खोली पत्र्याची होती. मे महिन्यात ॲस्पिरिनचा डबा उघडला तर व्हिनेगरचा भपकारा आला. गोळ्यांवर सुईसारखे बारीक पांढरे स्फटिक उगवलेले. तारखेला अजून सात महिने होते. हवेतल्या ओलाव्याने ॲस्पिरिन मोडून सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसेटिक ॲसिड झालं होतं, त्या ॲसेटिक ॲसिडचा तो वास. मी वरिष्ठांना म्हटलं, हे वाटता येणार नाही. ते म्हणाले, तारीख आहे ना? मी तो डबा वाटला नाही. डब्यावर तारखेसोबत ‘थंड व कोरड्या जागी’ हेही छापलेलं होतं. पत्र्याखाली ठेवलेल्या डब्याला ती तारीख लागूच नव्हती.

म्हणून तुमच्या घरातही एकदा बघा, गोळ्यांचा डबा कुलरच्या खिडकीत तर नाही ना? नागपुरात अर्ध्या घरांत तो तिथेच असतो, गार वाटतं म्हणून. पण कुलरची हवा गार आणि ओली. ॲस्पिरिन, पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्या, असल्यांना ती जागा वाईट. आतल्या खोलीतलं कपाट बरं.

प्रश्न : बाबांचं इन्सुलिन दुपारी तासभर गाडीच्या डिक्कीत राहिलं. वापरावं का? गावी वीज जाते, तेव्हा काय करावं?
– एक वाचक, काटोल रोड, नागपूर

उत्तर : मे महिन्यातली दुपार आणि उन्हातली डिक्की असेल तर ती बाटली वापरू नका, नवी आणा. इन्सुलिन प्रथिन आहे. तापलं की त्याची घडी उलगडते, गुठळ्या होतात आणि कधी कधी बाटलीकडे बघून हा बिघाड कळतही नाही. बाबांची साखर दोन दिवस जास्त वेळा तपासा आणि डॉक्टरांना कळवा.

न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत. चालू बाटली बहुतेक प्रकारांत 28 दिवस, 25 किंवा 30 अंशांच्या आत. नक्की आकडा सोबतच्या कागदावर असतो. बर्फाला टेकवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून स्वच्छ दिसलं तरी टाकायचं.

गावी वीज गेली तर बाटली घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात घालून पाण्याच्या माठात सोडा आणि माठाला ओलं फडकं गुंडाळून सावलीत, वाऱ्यावर ठेवा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठ खरंच गार होतो. पाऊस लागला की हवाच ओली, माठ गार होत नाही. तेव्हा ज्यांच्याकडे इन्व्हर्टरवर चालणारा फ्रिज आहे अशा शेजाऱ्यांना आधीच विचारून ठेवा.