पॅन ओळखताना

ग्रीक कलेच्या नव्या अभ्यासकाची पहिली गफलत बहुधा पॅन आणि सॅटर (मद्यदेव डायोनिससचे अर्धमानवी सोबती) यांच्यात होते, म्हणून चेहऱ्याआधी आपण कान आणि शेपूट पाहावेत. अभिजात काळातील सॅटरला ते घोड्याचे असतात, तर ग्रीसमधील आर्केडिया प्रदेशाच्या डोंगराळ कुरणांतून आलेला गुराख्यांचा देव पॅन बोकडाची लक्षणे घेऊन येतो. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातील, इ. स. पू. 470 च्या सुमाराच्या मृत्पात्रावर तो एका तरुण गुराख्याच्या मागे धावतो आहे, आणि तेथे त्याचे डोकेच बोकडाचे आहे. पुढे त्याचा चेहरा माणसासारखा होत गेला. शिंगे आणि खूर मात्र बहुधा टिकून राहिले.

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात, डेलोस बेटावर सापडलेल्या इ. स. पू. 100 च्या सुमाराच्या संगमरवरी शिल्पासमोर मात्र घाई करू नये. लगट करणाऱ्या पॅनवर प्रेमदेवता अफ्रोडाइटीने चक्क चप्पल उगारली आहे आणि चिमुकला प्रेमदेव इरॉस याने त्याचे शिंग धरले आहे. छायाचित्रात बहुतेकांची नजर देवीवरच खिळते. आपण तिच्या गुळगुळीत त्वचेशेजारी पॅनच्या मांड्यांवरील केसाळ कोरीवकाम पाहावे, कारण माझ्या मते शिल्पकाराची खरी गंमत त्या विरोधातच आहे.